गोडे तेल, कडू तेल आणि उत्प्रेरक : मुंबईच्या उपनगरांतील एका प्रयत्नाचा इतिहास

१

मराठीत 'गोड' या विशेषणाचा अर्थ केवळ साखरेच्या चवीपुरता मर्यादित नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्याहून वेगळे, पिण्यास योग्य असे ते गोडे पाणी. फोडणीवाचून केलेले ते गोडे वरण. आणि स्वयंपाकात चालणारे ते गोडे तेल. शेंगदाण्याच्या वा तिळाच्या तेलात साखरेचा अंश नसतो, तरी भाषेने त्यास गोडे म्हटले, कारण ते पोटात जाण्यास योग्य आहे. उलटपक्षी करंज, कडूनिंब, उंडी यांच्या बियांचे ते कडू तेल. कोकणपट्टीत ते दिव्यात जळावयाचे, होडीच्या फळ्यांना चोपडावयाचे, त्वचारोगावर लावावयाचे; कढईत मात्र पडावयाचे नाही. तेलाच्या या दोन जाती भाषेने केल्या आहेत, आणि त्या उपयोगावरून केल्या आहेत.

रसायनशास्त्राला हा भेद मूलतः मान्य नाही. त्याच्या लेखी गोडे आणि कडू ही दोन्ही तेले एकाच घडणीची आहेत : ग्लिसरीनच्या एका रेणूला मेदाम्लांचे तीन लांब धागे जोडलेले असतात. कडवटपणा तेलाच्या या मुख्य द्रव्याचा नसून त्यासोबत बियांतून उतरलेल्या अल्पशा इतर पदार्थांचा असतो. तात्पर्य, ज्या क्रियेने शेंगदाण्याचे तेल बदलता येते तिनेच करंजाचेही बदलता यावे. विसाव्या शतकात मुंबईत आणि तिच्या उपनगरांत तेलावर जे रासायनिक प्रयोग झाले, त्यांचा इतिहास या एका अपेक्षेचा आणि तिच्या मार्गात आलेल्या अडचणींचा इतिहास आहे. वनस्पती तेलापासून डिझेलसारखे स्वच्छ इंधन बनविण्याचा अलीकडचा उद्योग हा त्याचाच शेवटचा अध्याय होय. पूर्वीचे अध्याय वाचल्यावाचून तो नीट उमजत नाही.

या क्रियांचे साधन म्हणजे उत्प्रेरक. १८३५ मध्ये स्वीडनचा रसायनज्ञ बर्झेलियस याने या जातीच्या पदार्थांसाठी जो ग्रीक शब्द योजला त्याच्या मुळाशी 'सैल करणे' असा अर्थ आहे. भारतीय परिभाषाकारांनी योजलेल्या शब्दाच्या मुळाशी 'चालना देणे' असा आहे. पुढे ओस्टवाल्डने त्या संज्ञेचा नेमका आशय सांगितला तो असा : उत्प्रेरक क्रियेचा वेग बदलतो, स्वतः खर्ची पडत नाही, आणि ती क्रिया अखेर ज्या समतोलाला पोचावयाची तो समतोल बदलत नाही. या व्याख्येतील शेवटचा भाग पुढील विवेचनात विशेष ध्यानात ठेवावा लागेल.

२

मुंबईत तेलावर उत्प्रेरकाची मोठी योजना प्रथम झाली ती इंधनासाठी नव्हे, अन्नासाठी. फ्रान्समधील पॉल साबात्ये याने निकेल धातूच्या सूक्ष्म चूर्णाच्या सान्निध्यात कार्बनी संयुगांना हायड्रोजन जोडता येतो हे दाखविले. त्याबद्दल त्यास १९१२ चे नोबेल पारितोषिक लाभले. जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मन याने १९०२ मध्ये हीच रीत पातळ तेलास लागू करून तेल घट्ट करण्याच्या क्रियेचे एकस्व घेतले. मेदाम्लाच्या धाग्यात जेथे हायड्रोजनची जागा रिकामी असते तेथे निकेलच्या साहाय्याने तो वायू बसविला की धागे सरळ होतात, एकमेकांलगत दाटीने बसतात आणि तेल थिजते. क्रिया संपल्यावर निकेल गाळून काढावयाचे.

युनिलिव्हर कंपनीने १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी नोंदविली आणि पुढील वर्षी शिवडी येथे उत्पादन सुरू केले. १९३७ मध्ये बाजारात आलेले 'डालडा' हे नाव इतके रूढ झाले की मराठीत ते विशेषनाम न राहता वनस्पती तुपाचे सामान्यनाम बनले. शिवडी हे उपनगर नव्हे. तथापि तेथून आरंभ करणे प्राप्त आहे, कारण अंधेरीच्या ज्या संशोधनाचा विचार पुढे करावयाचा आहे त्याची मुळे शिवडीच्या कारखान्यात आहेत.

या पहिल्या प्रयोगाने एक सामाजिक प्रश्न उभा केला. गोड्या तेलाला तुपाचे रूप मिळाल्यामुळे तुपात त्याची भेसळ करणे सोपे झाले. गांधीजींसह अनेकांनी वनस्पती तुपास विरोध केला. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याचे विधेयकही संसदेत आले. बंदी झाली नाही, परंतु उत्पादनात ठराविक प्रमाणात तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलाची एका सोप्या परीक्षेत लाल रंगावरून ओळख पटते, म्हणून भेसळीचे तूप त्यायोगे उघडे पडे. 'तेल' हा शब्द ज्या 'तिल' शब्दावरून आला त्याच तिळाने तेलाचे सोंग ओळखण्याचे काम करावे, हा योगायोग लक्षणीय आहे. परंतु महत्त्वाची गोष्ट निराळी. उत्प्रेरकाने तेलाचे रूप बदलले, आणि त्याबरोबर त्या तेलाचे समाजातील स्थान काय, या प्रश्नाचा निर्णय कारखान्याबाहेर, कायद्याने करावा लागला. पुढील प्रत्येक टप्प्यावर हेच घडले आहे.

याच काळात या विषयाच्या अध्ययनाचीही सोय झाली. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाची स्थापना १ ऑक्टोबर १९३३ रोजी झाली. माटुंग्याच्या आजच्या जागेत तो १९४३ मध्ये आला आणि त्या दशकात तेले, मेद व मेण यांच्या तंत्रज्ञानाचे स्वतंत्र शिक्षण तेथे सुरू झाले. शिवडीचा कारखाना आणि माटुंग्याचा विभाग यांनी तेलाच्या रसायनात प्रवीण असा एक वर्ग मुंबईत निर्माण केला.

३

तेलाचा इंधन म्हणून विचार याहून जुना आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने डिझेल पद्धतीचे एक लहान इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग विपुल पिके, तेव्हा तेथील यंत्रे तेथल्याच तेलावर चालावीत, हा फ्रेंच सरकारचा हेतू होता असे स्वतः रुडॉल्फ डिझेलने १९१२ मध्ये नमूद केले. म्हणजे डिझेल इंजिनाच्या बाल्यावस्थेतच त्याने प्राशन केलेले तेल गोडे तेल होते.

परंतु कच्च्या तेलावर इंजिन फार काळ नीट चालत नाही. वनस्पती तेल खनिज डिझेलहून साधारणतः दहापट दाट असते. इंधन फवारणाऱ्या बारीक छिद्रांतून त्याचे पुरेसे सूक्ष्म तुषार होत नाहीत. ते अर्धवट जळते आणि आतील भागांवर काजळीचे थर बसतात. यावर उपाय म्हणून १९३७ मध्ये ब्रुसेल्स विद्यापीठातील शाव्हान याने पामतेलाची मद्यार्काशी क्रिया घडवून त्याचे एस्टर करण्याच्या पद्धतीवर बेल्जियमचे एकस्व घेतले, आणि पुढील वर्षी त्या इंधनावर ब्रुसेल्स व लूव्हाँ या शहरांदरम्यान प्रवासी बसगाडी धावली. या क्रियेत ग्लिसरीनला जखडलेले तीन धागे सुटतात आणि प्रत्येक धागा मद्यार्काच्या एकेका लहान रेणूशी स्वतंत्र जोडला जातो. तीन धाग्यांचा गुंता सुटल्याने द्रव पातळ होतो. बर्झेलियसच्या ग्रीक शब्दातील 'सैल करणे' हा अर्थ येथे जवळजवळ अक्षरशः लागू पडतो.

दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाची टंचाई पडली तेव्हा भारतातही याचा विचार झाला. चौधरी, मुखर्जी, अग्रवाल व वर्मन या संशोधकांनी डिझेल इंजिनांसाठी भारतीय वनस्पती तेलांचा अभ्यास करून १९४२ मध्ये तो प्रसिद्ध केला. तथापि युद्ध संपताच निकड संपली. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईच्या पूर्वेकडील तुर्भे-माहूल भागात १९५४ मध्ये स्टॅनव्हॅक कंपनीचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीचा असे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. आज ते अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्यांच्या स्वाधीन आहेत. चेंबूरलगत खनिज डिझेल विपुल मिळू लागल्यावर बियांच्या तेलाची आठवण कोणास राहावी? शास्त्रीय पद्धती ज्ञात होती. तिचे प्रयोजन उरले नव्हते.

४

१९५० मध्ये अंधेरी व घाटकोपर, आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड हे भाग मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. शहरात जागा न मावणारे कारखाने आणि प्रयोगशाळा साष्टीच्या या प्रदेशात पसरू लागल्या. गोदरेज यांनी १९१८ मध्ये प्राण्यांच्या चरबीवाचून केवळ वनस्पती तेलाचा साबण काढला होता. त्यांची विक्रोळीची जमीन १९४३ मधील खरेदीची. तिकडे हिंदुस्थान लिव्हर कंपनीने १९५८ मध्ये मुंबईच्या कारखान्यात सुरू केलेल्या संशोधन विभागाचे पुढे स्वतंत्र केंद्र झाले. ते १९६७ मध्ये अंधेरी येथे उघडले.

या केंद्रापुढील एक मुख्य प्रश्न कडू तेलाचा होता. साबणास तेल लागते. शेंगदाण्याचे तेल साबणात घालावे तर ते स्वयंपाकघरातून कमी होते. बाहेरून आणावे तर परकीय चलनाची टंचाई. दुसरीकडे देशातील वनांत आणि बांधांवर करंज, कडूनिंब, मोह, साल यांच्या बिया मोठ्या प्रमाणात वाया जात होत्या, आणि भातगिरण्यांत कोंड्यातील तेल उपेक्षित होते. ही तेले साबणायोग्य करता आली तर गोडे तेल माणसासाठी राखता येईल, हा विचार त्यामागे होता. साठ-सत्तरच्या दशकांत या दिशेने बरेच संशोधन झाले, आणि अशा अप्रचलित तेलांच्या वापरास सरकारनेही करसवलतीचे उत्तेजन दिले.

साधन जुनेच होते : निकेल आणि हायड्रोजन. कडू तेलाचे धागे शिवडीच्या तेलाप्रमाणेच सरळ करून घट्ट साबणास योग्य करावयाचे. परंतु निकेल हा मोठा नाजूक उत्प्रेरक आहे. गंधकाची संयुगे, चिकट फॉस्फरसयुक्त द्रव्ये आणि मोकळी आम्ले त्याच्या पृष्ठभागावर ठाण मांडून बसतात व तो निकामी होतो. रसायनज्ञ यास 'उत्प्रेरकाची विषबाधा' म्हणतात. कडूनिंबाच्या तेलातील गंधक आणि करंजाच्या तेलातील करंजिनासारखी द्रव्ये यांमुळे ही तेले आधी शुद्ध करावी लागत : आम्लाने, क्षाराने, विरंजक मातीने. भाषेने केलेला जो भेद रसायनशास्त्राने प्रथम अमान्य केला होता, तो अशा रीतीने मागील दाराने पुन्हा आत आला. मुख्य द्रव्य तेच असले तरी कडूपणा आणणाऱ्या अल्पांशाची किंमत मोजल्यावाचून क्रिया पुढे जात नव्हती.

याहूनही मोठी अडचण प्रयोगशाळेच्या बाहेर होती. बियांत आणि कोंड्यात निसर्गाचा स्वतःचा एक उत्प्रेरक असतो, तो म्हणजे लायपेज नावाचे विकर. बी ओली राहिली किंवा भात सडल्यावर कोंडा तसाच पडून राहिला, तर हे विकर तेलाचे विघटन करून मोकळी आम्ले वाढवीत जाते. कोंड्याच्या बाबतीत तर हा बिघाड काही तासांतच जाणवू लागतो. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात पिकतात आणि त्यामागोमाग पाऊस येतो. या अल्प मुदतीत विखुरलेल्या झाडांखालच्या शेंगा वेचणे, फोडणे आणि वाळविणे ही कामे हातांनीच करावी लागतात, आणि ती करणारे बहुधा वनवासी आणि भूमिहीन लोक असतात. त्यांना वेळेवर व पुरेसा दाम मिळाला तरच बी वेळेवर वेचली जाते. आणि बी वेळेवर वेचली गेली तरच कारखान्यातील निकेल टिकते. अंधेरीच्या उद्योगाने शिकविलेला धडा हा होता. उत्प्रेरकाचे आयुष्य अंतिमतः बी वेचणाऱ्याच्या मजुरीवर अवलंबून असते.

५

१९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचे भाव भडकले आणि वनस्पती इंधनाचा विचार जगभर पुनरुज्जीवित झाला. भारतास मात्र १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रातच तेल सापडले. १९७६ पासून त्याचे उत्पादन सुरू झाले. त्यामुळे विषय आणखी पाव शतक मागे पडला. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेस पाच टक्के जैव डिझेलच्या मिश्रणावर चालविण्यात आली, आणि २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या प्रचंड लागवडीची शिफारस केली. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैव डिझेल मिसळावे असे उद्दिष्ट तिने सुचविले.

मुंबईतही हालचाल झाली. कांदिवलीस ज्यांचा ट्रॅक्टरांचा कारखाना आहे त्या महिंद्र कंपनीने मुंबईत करंजाच्या तेलापासून जैव डिझेल करण्याचे प्रायोगिक संयंत्र उभारून ट्रॅक्टरांवर चाचण्या घेतल्या. हिंदुस्थान पेट्रोलियमच्या सहकार्याने बेस्टच्या काही बसगाड्यांवरही अशा इंधनाची परीक्षा झाली. उपनगरांतील रस्त्यांच्या कडेला सावलीसाठी लावलेल्या करंजाकडे इंधनाचे झाड म्हणून पाहिले जाऊ लागले.

क्रिया दिसावयास सोपी आहे. शंभर किलो तेलात सुमारे अकरा किलो मिथेनॉल आणि किलोभर कॉस्टिक सोडा किंवा तत्सम क्षार घालून साठ अंश उष्णतेवर तासभर ढवळावे. सुमारे शंभर किलो एस्टर वर तरंगते आणि दहा-अकरा किलो ग्लिसरीन तळाशी बसते. मिळणारे इंधन खनिज डिझेलइतके नसले तरी त्याच्या पंक्तीस बसण्याइतके पातळ असते. त्यात गंधक जवळजवळ नसते, आणि त्याच्या धुरात काजळी व कार्बन मोनॉक्साइड कमी असते. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र किंचित वाढू शकतात, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु हा क्षार गोड्या तेलाचाच सोबती आहे. तेलातील मोकळी आम्ले एक-दोन टक्क्यांहून अधिक झाली की क्षार त्यांच्याशी संयोग पावतो आणि साबण तयार होतो. उत्प्रेरक खर्ची पडतो, एस्टर आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण दुधासारखे होऊन वेगळे होत नाही, आणि धुण्यास पुष्कळ पाणी लागते. अंधेरीत साबण व्हावा म्हणून कडू तेलावर परिश्रम केले गेले. येथे साबण होऊ नये म्हणून परिश्रम करावे लागले. मार्ग होता तो असा की प्रथम गंधकाम्लाच्या साहाय्याने मोकळ्या आम्लांचे एस्टर करावे आणि नंतर क्षार वापरावा. पण दोन पायऱ्या म्हणजे दुप्पट उपकरणे, वाढीव खर्च आणि आम्लयुक्त सांडपाणी.

२००५ मध्ये सरकारने तेल कंपन्यांसाठी जैव डिझेलचा खरेदीदर लिटरला पंचवीस रुपये ठरविला. उत्पादनाचा खर्च त्याहून अधिक असल्याने फारसे कोणी ते विकावयास पुढे आले नाही. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून आणि खतावाचून भरघोस बी देईल अशी ज्याची ख्याती पसरविण्यात आली होती, त्या मोगली एरंडाने निराशा केली; झाड जगते, पण बी देण्यास त्यालाही पाणी व खत लागते. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने अखाद्य तेलांचाच आग्रह धरला आणि वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०१७ वर नेले. तेही साध्य झाले नाही. ज्या शेतकऱ्यांनी शासकीय आश्वासनावर विसंबून लागवड केली होती, त्यांच्या पदरी अनेक ठिकाणी केवळ झुडपांची कुंपणे राहिली.

६

रसायनज्ञांनी या काळात ज्या दिशेने विचार केला ती दिशा घन उत्प्रेरकाची होती. क्षार वा गंधकाम्ल द्रवात विरघळते, त्यामुळे क्रियेनंतर ते धुऊन काढावे लागते. त्याऐवजी उत्प्रेरक घन असेल तर तो गाळून पुन्हा वापरता येतो, किंवा स्तंभात भरून त्यावरून तेल सतत वाहविता येते. तो आम्लधर्मी असेल तर मोकळ्या आम्लांनी त्याचे काही बिघडत नाही. उलट त्यांचेही तो एस्टर करतो. कडू तेलास हवा तो उत्प्रेरक हाच.

माटुंग्याच्या विभागात प्रा. गणपती यादव व त्यांचे विद्यार्थी यांनी झिर्कोनियम ऑक्साइडवर आधारलेले अतिशय प्रबळ असे घन आम्ल उत्प्रेरक तयार केले. त्या मालिकेस 'यूडीकॅट' हे नाव आहे. विभागाच्या जुन्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आणि 'कॅटलिस्ट' शब्दाचा आरंभ यांतून ते घडले असल्याचे सहज दिसते. २००८ मध्ये तो विभाग इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने अभिमत विद्यापीठ बनला. जुने नाव पुसले गेले, ते उत्प्रेरकाच्या नावात मात्र टिकून राहिले. पदार्थांची नावे पुष्कळदा संस्थांच्या नावांहून दीर्घायुषी ठरतात, याचे हे एक उदाहरण होय.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीनिवास, पॉल रत्नासामी व सहकारी यांनी लोह व जस्त यांच्या द्विधातुक सायनाइड संयुगाचा घन उत्प्रेरक सिद्ध करून २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा पृष्ठभाग पाण्यास दूर ठेवतो, त्यामुळे तेलात ओलावा आणि मोकळी आम्ले असली तरी एकाच पायरीत दोन्ही क्रिया घडून येतात आणि ग्लिसरीनही स्वच्छ मिळते. बेनिफ्यूएल या अमेरिकी कंपनीने पुढे या पद्धतीचा परवाना घेतला. अशा रीतीने शिवडीच्या निकेलपासून आरंभ झालेली विद्या कडू तेलाला आहे त्या स्थितीत स्वीकारण्याच्या टप्प्यापर्यंत महाराष्ट्रातच येऊन पोचली. असे असूनही कडू तेलच पुरेसे येत नव्हते. उत्प्रेरक सिद्ध होता; बी मात्र सिद्ध नव्हती.

७

२०१८ हे वर्ष या इतिहासात अनेक अर्थांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या नव्या राष्ट्रीय धोरणाने वीस टक्क्यांची भाषा सोडून २०३० पर्यंत पाच टक्के असे माफक उद्दिष्ट ठेवले, आणि वापरलेल्या खाद्यतेलास जैव डिझेलच्या कच्च्या मालात ठळक स्थान दिले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून, तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांहून अधिक झाल्यास ते पुन्हा वापरण्यास मनाई झाली. असे तेल गोळा करून इंधनाकडे वळविण्याची योजनाही त्याच वर्षी निघाली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेल कंपन्यांनी ते जैव डिझेल विकत घेण्याची तयारी जाहीर केली.

वडे आणि फरसाण तळणाऱ्या कढयांची संख्या ज्या नगरात अगणित आहे, त्या मुंबईच्या दृष्टीने ही घटना अर्थपूर्ण आहे. भाषेच्या जुन्या विभागणीत या तेलास स्थान नाही. ते गोडे तेल म्हणून कढईत पडले आणि वारंवार तापून पोटास अयोग्य झाले; म्हणजे ते कडू झालेले गोडे तेल आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही ते कडू तेलाच्या शेजारी बसते, कारण त्यात मोकळी आम्ले व ओलावा वाढलेला असतो. करंजासाठी सिद्ध झालेले आम्लधर्मी घन उत्प्रेरक त्यालाही उपयुक्त आहेत. पण धडा पुन्हा तोच : वापरलेले तेल आधी गोळा झाले पाहिजे. मोठी उपाहारगृहे ते देऊ शकतात. पदपथावरील विक्रेता मात्र ते टाकून देण्याऐवजी नव्या तेलात मिसळतो किंवा स्वस्तात दुसऱ्यास विकतो, कारण त्याच्या नफ्याची मर्यादा अत्यंत अरुंद असते. त्यास नव्या तेलाचा भार सोसेल असा मोबदला मिळाला, तर इंधनास कच्चा माल मिळेल आणि ग्राहकाच्या पोटात जाणारे विषही टळेल. वनांतील बी वेचणाऱ्याची जागा येथे नगरातील तळणी करणाऱ्याने घेतली आहे, इतकेच.

याच वर्षी, २७ ऑगस्ट रोजी, डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलापासून बनविलेले इंधन मिसळून डेहराडून ते दिल्ली एक विमान उडविण्यात आले. ही पद्धत एस्टरची नव्हे. येथे उत्प्रेरकाच्या साहाय्याने तेलास हायड्रोजन देऊन त्यातील प्राणवायू काढून टाकतात, आणि उरते ते खनिज इंधनासारखेच शुद्ध हायड्रोकार्बन. याच तत्त्वावर वनस्पती तेलाचे डिझेलही करता येते. गंधक काढण्यासाठी खनिज डिझेलला हायड्रोजन देण्याची क्रिया तेलशुद्धीकरण कारखान्यांत रूढच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांस दहा भाग झाली ती तिच्याच बळावर. शिवडीस १९३२ मध्ये तेलास दिलेला हायड्रोजन अशा रीतीने आता निराळ्या हेतूने, निराळ्या उत्प्रेरकावर आणि अधिक दाबाखाली पुन्हा तेलाकडे आला आहे.

तथापि आजही भारताच्या डिझेलमध्ये जैव डिझेलचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे, आणि देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणावे लागते. ज्या देशास गोडे तेल आयात करावे लागते त्याने ते जाळावे हे युक्त नव्हे. म्हणून कडू तेलाचा आणि कडू झालेल्या तेलाचा मार्गच त्यास खुला राहतो. हा निर्णय कोणत्याही प्रयोगशाळेने दिलेला नाही. तो पिढ्यान्पिढ्या घरात गोडे तेल निराळे आणि कडू तेल निराळे ठेवणाऱ्या माणसांच्या व्यवहारात आधीपासूनच होता.

सारांश, मुंबई आणि तिच्या उपनगरांतील सुमारे नव्वद वर्षांच्या या प्रयत्नांकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की शास्त्राची प्रगती आणि उद्योगाची प्रगती यांचा वेग एक नव्हता. तेल घट्ट करणे, साबणायोग्य करणे, पातळ करणे या तिन्ही गोष्टी शास्त्राने वेळोवेळी साध्य केल्या. प्रत्येक वेळी थांबा आला तो तेल कोठून यावे, ते कोणी गोळा करावे आणि त्यास काय दाम मिळावा या प्रश्नांपाशी. ओस्टवाल्डने सांगितले होते की उत्प्रेरक समतोल बदलत नाही. अन्न आणि इंधन, वेचणारा आणि विकत घेणारा यांच्यातील समतोलही त्यास अपवाद नाही; तो भावांनी, नियमांनी आणि न्याय्य मजुरीनेच साधावा लागेल. तो साधला गेला, तर क्रियेस वेग देण्याचे काम करावयास उत्प्रेरक केव्हाचेच तयार आहेत.